पाच घरांचा किराणा

गडचिरोलीला आम्ही भाड्याने राहायला आलो तेव्हा माझी सगळ्यात आधी ओळख झाली ती शेजारणीशी, आणि ती झाली कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात. दोघींच्याही हातात तेलाचं अर्ध्या लिटरचं पाकीट होतं. दुकानदाराने भाव सांगितला तशी तिने पाकीट परत ठेवलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "हा माणूस आपल्याले तेल विकून राह्यला का सोनं?" मी हसले. तीही हसली. परत येताना तिने माझ्या पिशवीतली वांगी पाहिली आणि कोणत्या बाजारात कोणत्या वेळी गेलं की भाजी स्वस्त पडते ते सगळं रस्ताभर सांगितलं.

माझा नवरा एका सरकारी ऑफिसात कंत्राटी ऑपरेटर. पगार कधी येईल ते ऑफिसलाही माहीत नसायचं. मी घरी ब्लाऊज शिवायचे, फॉल-पिको करायचे. शेजारणीचा नवरा त्याच ऑफिसात बाबू, पक्क्या नोकरीचा. तरी कंजुषीत ती माझ्यापेक्षा दोन पावलं पुढेच होती. घराचा हप्ता, पोरीची शिकवणी, गावाकडे सासूची औषधं. बाबूच्या पगारालाही पाय फुटतात, असं ती म्हणायची.

एकत्र किराणा आणायची कल्पना तिची. तांदळाची सोय माझी. माझं माहेर आरमोरीचं, आणि बाबा तिथल्या एका राइस मिलमध्ये पोती उचलायचं काम करतात. मिलमधून थेट कट्टे, म्हणजे तांदळाची छोटी पोती, घेतली तर दुकानापेक्षा पुष्कळ स्वस्त पडतं आणि तांदूळही जुना, मोकळा शिजणारा मिळतो. आम्ही दोघींनी गल्लीतल्या आणखी तिघींना विचारलं. पाच घरं झाली. मोबाईलवर ग्रुप झाला. महिन्याच्या सुरुवातीला दोघी जणी चंद्रपूरच्या ठोक बाजारात जायच्या. तेलाचा डबा, तूरडाळ, साखर, चहापत्ती, साबण आणायच्या. तांदूळ बाबा ओळखीच्या टेम्पोत टाकून पाठवायचे.

वाटप माझ्या घरी व्हायचं, कारण मागच्या बाजूला मोठं अंगण होतं आणि वजनकाटाही मीच घेतला होता. आमच्या पुढच्या खोलीत भिंतीवर निळ्या कोटातली तसबीर आहे. दारातून आत येणाऱ्याला ती पहिल्यांदा दिसते. चौघींनीही ती पाहिली होती. कोणी काही बोललं नव्हतं, आणि मला वाटलं, बोलण्यासारखं काही नाहीच. पहिल्या वाटपाला मी चहा केला होता. एकीचा उपास होता, एकीला ॲसिडिटी, शेजारीण घाईत होती. पुढच्या वेळीही असंच काहीतरी झालं. उन्हाचे दिवस, चहा कोणाला हवा असतो, असं म्हणून मी पुढे विचारणंच सोडलं.

पण गप्पा भरपूर व्हायच्या, हे मी नाकारणार नाही. तांदळाच्या कट्ट्यावर बसून शेजारीण सासूची नक्कल करायची आणि आम्ही पोट धरून हसायचो. तेल ओतताना एक थेंब सांडला तरी पाचही जणी ओरडायच्या. डब्याच्या तळाला राहिलेलं तेल कोणाचं यावर खोटं खोटं भांडण व्हायचं, आणि मग डबा पालथा घालून ते निथळून काढायचो. मला त्या दिवसांची वाट पाहायची सवय लागली होती.

उन्हाळ्यात वर्षाचा मसाला करायचा ठरला. तयार पाकिटं महाग, आणि त्यात काय घालतात ते देव जाणे, असं शेजारीणच म्हणाली. धने, खोबरं, खसखस, कलमी म्हणजे दालचिनी, लवंग, दगडफूल, सगळं ठोक भावात आणलं. खसखशीच्या भावावर ती बाजारात इतकी भांडली की व्यापाऱ्याने हात जोडले. भाजायचं काम कोणाकडे? गॅस पाच घरांनी वाटून भरायचा ठरला, पण भाजायला हात माझा बरा, असं सगळ्यांचं म्हणणं पडलं.

"तुह्या हाताले अंदाज हाय बाई," शेजारीण म्हणाली. "माह्यानं खोबरं जळते."

दोन दिवस मी अंगणात चुलीसारखी तापत होते. एकेक जिन्नस वेगळा भाजला. शेवटी माझी आई घालते तसं थोडं जवस भाजून घातलं, त्याने रस्सा दाट होतो. मग कांडपावर नेऊन कुटून आणलं. गल्लीभर वास सुटला होता. प्रत्येकीने आपापली बरणी दिली होती, त्या मी गच्च भरल्या. शेजारणीच्या बरणीचं पिवळं झाकण एका बाजूने तडकलेलं होतं, म्हणून त्यावर मी शिलाईच्या डब्यातली चिकटपट्टी लावून दिली, मसाल्याला हवा लागू नये म्हणून.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी तिची सासू कायमची राहायला आली.

गल्लीत भांडी घासायला एक मावशी येतात. आमच्याच समाजाच्या, म्हणून जाता-येता माझ्याकडे टेकतात, पाणी पितात, चहा पितात. एका दुपारी त्या आल्या आणि पिशवीतून एक बरणी काढून माझ्यापुढे ठेवली.

"हा मसाला ठेवा तुमी. मले नाई लागत एवढा. आमच्या बुढ्याले तिखट चालत नाई."

पिवळं झाकण. त्यावर माझी चिकटपट्टी. पट्टी तशीच होती, एका बाजूनेसुद्धा उचकटलेली नव्हती.

"कोणं दिला मावशी?"

"बाजूच्या बाईनं. तिची सासू म्हणे, फेकण्यापरीस ने. लय चांगला वास हाय, पहा ना."

मी बरणी हातात घेऊन बसले. मावशींना काही कळलं नाही. मी त्यांना चहा करून दिला, अर्धा मसाला कागदात बांधून दिला, सणावाराला लागेल म्हणून, आणि त्या गेल्या. पुष्कळ वेळ मला राग येईना. मी मनातल्या मनात त्या बरणीची किंमत काढत होते. खसखस, लवंग, कलमी. ज्या बाईने चहापत्तीच्या पुड्यावर सुटे पैसे सोडले नव्हते, तिने एवढा महाग जिन्नस न उघडता देऊन टाकला होता. मला वाईट याचंच वाटत राहिलं, की पैशाने कासावीस होणाऱ्या बाईला हे नुकसान झेपलं. म्हणजे तिच्याकडे पैशापेक्षा मोठं काहीतरी होतं जपायला, आणि ते मला कधी दिसलं नव्हतं.

संध्याकाळी ती कपडे काढायला गच्चीवर आली तेव्हा मीही गेले.

"मसाला आवडला नाई का?" मी विचारलं.

ती आधी समजली नाही, मग समजली. हातातली ओढणी तिने उगीच पुन्हा झटकली.

"अवं, सासूबाई आल्या ना. त्यायले नाई चालत."

"काय नाई चालत?"

"तुले माहीत हाय. मले काऊन बोलाले लावतं? माह्यं काही नाई बा. मी मानत नाई असं काही."

"तांदूळ चालला. तेल चाललं. डाळ माह्याच घरी मोजली."

"ते कच्चं असते," ती म्हणाली. आवाज अगदी साधा होता, एखाद्याला बसची वेळ सांगावी तसा. "मसाला तू भाजला ना."

मी कठड्याला टेकले. तिला वाटलं मी समजून घेतलं. पुढे येऊन हळू आवाजात म्हणाली, "असं करू. तू चंद्रपूरचं काम पहा, बाबायले तांदळाचं सांग. वाटप फक्त आमच्या घरी करू. डबा आमच्याकडे फोडू. म्हणजे त्यायचीही कटकट नाई आणि तुले तेवढंच काम कमी."

"आणि सासू नव्हत्या तवा? माह्या घरचा चहा एकदा तरी घेतला का तू?"

तिने कपड्यांचा गठ्ठा छातीशी धरला आणि जिना उतरून गेली.

रात्री जेवताना नवऱ्याला सांगितलं. त्याचा घास हातातच राहिला. मला वाटलं तो चिडेल. तो म्हणाला, "तिच्या नवऱ्याच्या टेबलावरूनच माह्या मुदतवाढीची फाईल जाते."

"मग?"

"मग काही नाई. सांगून राह्यलो." ताट अर्धं टाकून तो उठला. हात धुताना म्हणाला, "भांडू नको. पण जाऊही नको तिच्या घरी वाटप करायले."

तेवढ्यावर आमच्या घरातली चर्चा संपली. मी ग्रुपवर लिहिलं की शिवणाचं काम वाढलं आहे, मला आता जमणार नाही. वाटलं होतं, बाकी तिघींपैकी एखादी तरी दारात येईल आणि विचारेल. एकीने हात जोडल्याचं चित्र टाकलं. एकीने विचारलं, काटा देशील का. तिसरी दोन दिवसांनी रस्त्यात भेटली, माझा दंड धरून म्हणाली, "लय वाईट वाटलं मले. मी त्या मसाल्याची भाजी केली होती बरं का, मले काही होत नाई." जणू पोटाला काही होण्याचीच गोष्ट होती. काटा मी दिला नाही. त्यांनी वर्गणी करून नवा आणला.

पाचाची चार घरं झाली, किराणा चालू राहिला. तांदळाचा टेम्पो माझ्याच सांगण्यावरून यायचा, तो मी सांगणं बंद केलं, तेव्हा मला वाटलं तांदूळ तरी थांबेल. पुढच्याच महिन्यात बाबांचा फोन आला. आवाज आनंदात होता.

"बाई, तुह्या मैत्रिणी आल्या होत्या मिलमध्ये. गाडी घेऊन आल्या. तुह्यं नाव सांगितलं त्यायनं."

"माह्यं नाव?"

"हो. म्हणे, तुमच्या पोरीनं पाठवलं. मग मालकाले सांगून मी भाव कमी करून देल्ला. कट्टे मीच टाकले गाडीत, हमाली नाई घेतली. पोरीच्या मैत्रिणी, त्यायच्याकडून काय घ्याचं?"

मी शिलाई मशीनचं चाक हाताने थांबवून ऐकत होते.

"घरी चला म्हणलं, तुही आई चहा मांडून बसली होती. पण घाई होती त्यायले. पाणीही नाई घेतलं, संगं बाटल्या होत्या म्हणे. तू काऊन नाई आली?"

"ब्लाऊज द्याचे होते, बाबा."

"बरं. तुह्यासाठी एक कट्टा देल्ला त्यायच्यासंगं. पोचला का?"

कट्टा संध्याकाळी आला. शेजारणीच्या नवऱ्याने तो गाडीतून ओढून आमच्या पायरीवर उभा केला. ती मागे फाटकाशी उभी होती.

"बाबा लय चांगले हाय तुहे," ती म्हणाली. "पुढच्या खेपेलेही तेवढ्यातच लावतो म्हणाले."

तोंडावर आलं होतं की त्यांना खरं सांगते, आणि मग पाहा कोण लावतो भाव. बाबांचं वय झालं आहे. मिलच्या मालकाजवळ शब्द टाकला आणि तो मानला गेला, हे ते आता चार माणसांना सांगत असतील. माझ्या मैत्रिणी गाडी घेऊन आल्या हेही सांगत असतील. आतून माझा नवरा बाहेर आला, बाबूला नमस्कार केला आणि कट्ट्याला हात घातला. त्याची फाईल अजून टेबलावरच होती.

"हो," मी म्हणाले.

आता मी पुन्हा कोपऱ्यावरून तेलाचं पाकीट आणते. बाबा दर महिन्याला त्यांच्यासोबत माझा कट्टा पाठवतात, आणि तू काऊन नाई आली असं फोनवर विचारतात. दर वेळी मी शिवणाचं काही ना काही कारण सांगते. आई मागून ओरडते, त्या पोरींना म्हणावं, एकदा तरी जेवायला थांबा, मी भाजी करून ठेवते.