जवळचा डॉक्टर नको

मनाच्या तक्रारींसाठी डॉक्टर शोधून देणारं एक ॲप करायचं काम माझ्याकडे आलं, तेव्हा आम्ही भोपाळला, कारखान्याच्या टाउनशिपमध्ये राहत होतो. नवरा कारखान्यात इंजिनिअर. मी घरी बसून एका छोट्या संस्थेसाठी मोबाइलचे स्क्रीन आखून द्यायची. कुठलं बटण कुठे असावं, त्यावर काय लिहावं, माणूस कुठे अडखळेल, हे बघणं माझं काम. सासूबाई नागपूरहून फोनवर विचारायच्या, "म्हणजे तू नक्की करतेस तरी काय?" मी समजावून सांगितलं की म्हणायच्या, "बरं बरं. जेवलीस का?"

पहिला नमुना माझ्या मते झकास झाला होता. फिकट निळा रंग, ठळक अक्षरं आणि सुरुवातीलाच प्रश्न, 'तुम्हाला कोणता विकार आहे?' खाली पर्याय होते, नैराश्य, चिंताविकार, निद्रानाश.

तो घेऊन मी मराठी मंडळातल्या बायकांच्या बैठकीला गेले. पहिलीच्या हातात फोन दिला. ती म्हणाली, "मला कुठे काय झालंय?" आणि तिने तो पुढे सरकवला. प्रसादाच्या ताटलीसारखा फोन सगळ्या खोलीतून फिरून माझ्याकडे परत आला. बटण एकीनेही दाबलं नव्हतं.

सगळ्या गेल्यावर काकू मागे थांबल्या. त्या आणि काका पूर्वी आमच्या शेजारच्या क्वार्टरमध्ये राहायचे. काका रिटायर झाल्यावर दोघं आनंद नगरला स्वतःच्या घरात राहायला गेले होते.

"अगं, नैराश्य वगैरे कोण बोलतं?" काकू म्हणाल्या. "आपण म्हणतो, कशात मन लागत नाही. जीव घाबरतो. डोळ्याला डोळा लागत नाही." मग म्हणाल्या, "आमच्या ह्यांना दाखव ना. आयुष्यभर तपासणी विभागात होते, चुका बरोबर काढतील. आणि खरं सांगू का? नुसते बसून असतात गं. पेपरसुद्धा उघडत नाहीत."

शब्द बदलून मी आनंद नगरला गेले. काका खिडकीशी बसले होते. टाउनशिपमध्ये असताना त्यांचा आवाज आमच्या स्वयंपाकघरापर्यंत यायचा. आता त्यांनी माझ्याकडे नुसतं पाहिलं आणि हात पुढे केला. "दे. चालू करून दे."

मिनिटभर गेलं असेल नसेल.

"हे आधीच नाव कशाला विचारतंय?"

"नोंदणीसाठी, काका."

"टाउनशिपच्या गेटवरचा गार्डसुद्धा आधी विचारतो, कहाँ जाना है. नावगाव नंतर. घाबरलेल्या माणसाला दारातच अडवायचं?"

मला हसू आलं, पण मुद्दा पटला. नाव मी शेवटी नेलं आणि ॲप काकांच्या फोनवरही टाकून दिलं. पुढच्या खेपेला काकांनी स्वतःच फोन करून बोलावलं. त्यांना आणखी एक चूक सापडली होती, आणि ती भलतीच होती.

"तू सगळ्यात जवळचा डॉक्टर वर दाखवतेस."

"मग? सोयीचंच आहे की."

"अगं, इथे जवळ गेलं की बाकावर बाजूला कोण बसलेलं असतं? आपल्याच खात्यातला. संध्याकाळपर्यंत अख्ख्या कॉलनीला खबर. जरा लांबचा दाखव. इतका लांब, की वाटेत कुणी भेटलं तर बाजारात चाललोय म्हणता यावं."

हे पुण्यामुंबईत कुणी मला सांगितलं नसतं. 'घरापासून थोडं दूर' असा पर्याय मी टाकला आणि त्यांना दाखवायला नेला. काकांनी तो दाबला, खाली-वर केलं, आणि सहज बोलल्यासारखं म्हणाले, "मी कालच यावरून एक वेळ घेतलीय. जवाहर चौकाजवळचा दवाखाना आहे. टेस्टिंगसाठी."

"अहो काका, ते खरे डॉक्टर आहेत. टेस्टिंगला आपण खोटी नावं वापरतो."

"माहीत आहे मला," काका म्हणाले.

आत काकूंचा मिक्सर चालू होता, तो बंद झाला. काका खिडकीबाहेर बघत हळूच म्हणाले, "सकाळी जाग आली की वाटतं, उठायचं कशाला. कुणाला सांगू हे?"

"मी येऊ का बरोबर?" मी विचारलं.

"तू कशाला? तू पडलीस कॉलनीतली," ते म्हणाले, आणि कितीतरी दिवसांनी मी त्यांना हसताना पाहिलं. "हिला घेऊन जातो."

काकू दारात उभ्या होत्या. डोळे पुसत म्हणाल्या, "मग मी ती नवी साडी नेसते." काका म्हणाले, "लग्नाला नाही चाललोय आपण." आणि दोघं त्यावरून भांडायलाच लागले.

दवाखान्यातून आल्या आल्या मला फोन. "लिहून घे. पहिला मजला, लिफ्ट नाही, जिन्याला कठडा एकाच बाजूला. हे आधी कळायला हवं." मी लिहून घेतलं आणि भीत भीत विचारलं, "आणि डॉक्टर?"

"बाई चांगल्या आहेत. तरुण आहेत, पण मधे तोंड घालत नाहीत. मी इतका बोललो की बाहेरचे लोक खोळंबले."

एका भेटीत काही बदललं नाही. काही आठवडे ते पुन्हा गप्प असत, एकदा तर जाणारच नाही म्हणून बसले. काकूंनी चप्पल घालून रिक्षा थांबवली, तेव्हा उठले. मधे ॲप लोकांच्या फोनवर आलं. संस्थेतल्या मंडळींना लांबचा डॉक्टर कोण शोधणार याचं नवल वाटलं होतं, पण लोक तोच पर्याय भराभर दाबू लागले.

थंडी पडली तशी एका संध्याकाळी दोघं आनंद नगरहून चालत आमच्याकडे आले. काकांच्या हातात उकडलेल्या शिंगाड्यांची पिशवी होती. आम्ही चौघं व्हरांड्यात बसून ते सोलत राहिलो. कारखान्यात बड्या साहेबांच्या स्वागताला आणलेला हार क्रेनच्या हुकात कसा अडकला, हे काका उभं राहून, हातवारे करून सांगत होते. काकूंनी तो किस्सा नक्कीच शंभरदा ऐकला असणार. पण सगळ्यात आधी आणि सगळ्यात मोठ्यानं हसल्या त्याच.