चौकोनी वहीतली सासू

मी चिनी भाषा शिकायला घेतली ती मागांसाठी, असं मी सगळ्यांना सांगितलं. नवऱ्याचा टॉवेलचा कारखाना आहे. त्याने चीनहून चार नवे माग आणले आणि सोबत आलेल्या पुस्तकातलं कुणाला ओ की ठो कळेना. "मी शिकते की," मी म्हणाले. नवरा हसला. खरं कारण वेगळंच होतं. या घरात निदान एक भाषा तरी मला अशी हवी होती, जी फक्त माझी असेल.

आमच्या घरात दोन भाषा चालतात. मराठी सगळ्यांसाठी आणि कन्नड माझ्यापासून लपवण्यासाठी. सासरचे मूळचे अक्कलकोटकडचे. शुक्रवार पेठेतल्या आमच्या चादरीच्या दुकानात गिऱ्हाईक समोर बसलं की नवरा आणि सासूबाई आपसात कन्नडमध्ये बोलतात, किती सोडायचं, किती ताणायचं. गिऱ्हाईक उठलं की पुन्हा मराठी. दुकानात हे ठीक आहे हो, पण मी स्वयंपाकघरात पाऊल टाकलं की तिथेही तीच कन्नड सुरू व्हायची. म्हणजे मीही गिऱ्हाईकच! बावीस वर्षांत मला मोजके शब्द कळायला लागले. त्यातला एक 'सोसे', म्हणजे सून. तो कानावर पडला की माझा सगळा दिवस नासायचा.

आता कुणी म्हणेल, बाई फारच संशयी. आहेच मी. मी बार्शीची, वडील धान्याच्या अडतीवर होते. तिथे रुमालाखाली एकमेकांची बोटं दाबून भाव ठरवायचे, ते मी लहानपणी पाहिलंय. तोंडाने पावसापाण्याच्या गप्पा आणि खरं काय ते रुमालाखाली. तेव्हापासून लोक उघड बोलतात त्यावर माझा फारसा विश्वास नाही.

चिनीचा वर्ग मोबाइलवर भरायचा. शिकवणाऱ्या बाई पुण्याच्या. त्यांची पद्धत अशी की पाठांतर कमी आणि लिहिणं जास्त. दर आठवड्याला एक गोष्ट लिहायची, शब्दकोश उघडायचा नाही, जेवढे शब्द येतात तेवढ्यातच भागवायचं. बाई म्हणायच्या, गोष्ट सांगायची गरज पडली की भाषा आपोआप येते. मला तेव्हा जेमतेम तीनशे शब्द येत असतील. एवढ्यात आडवळणाने काही म्हणताच येत नाही. बाई चांगली, बाई वाईट. हवंय, नकोय. दिलं, नाही दिलं.

पहिला विषय होता, घरातली सकाळ. मी चौकोनांच्या वहीत लिहिलं की सासू चहा करते, आधी मुलाला देते, मग स्वतः घेते आणि उरलेला सुनेला देते. हे शंभर टक्के खरं होतं. सासूसाठी जे अक्षर आहे त्यात खाली बाई आणि तिच्या डोक्यावर लाट असते. रेघा अकरा, आणि अक्षर दोनदा लिहायचं. ते मी इतक्या वेळा गिरवलं की सगळ्या वहीत तेच सर्वांत सुबक आलं.

बाईंचा शेरा आला, तोही चिनीत. 'सासू छान उतरली आहे. तिला अजून थोडं दुष्ट करा.' मी तो मोबाइलवर पुन्हा पुन्हा वाचला. लग्नानंतर इतक्या वर्षांत माझ्या कुठल्याही कामाला कुणी छान म्हटलं नव्हतं. मी लगेच सासूला दुष्ट करायला घेतलं.

दुसऱ्या गोष्टीत सून गरोदर असते. ती दूध मागते. सासू दुधाचं कपाट कुलूप लावून बंद करते आणि तिला पाणी देते. सून रडते. घडलं होतं ते याच्या अगदी उलट. मुलीच्या वेळी मला दुधाच्या वासानेच मळमळायचं आणि आत्या (सासूबाईंना मी आत्या म्हणते) केशर घातलेला पेला घेऊन या खोलीतून त्या खोलीत माझ्यामागे फिरायच्या. पण मळमळ हा शब्द मला येत नव्हता, केशरही येत नव्हतं. कुलूप येत होतं. बाईंनी 'उत्तम' असा शेरा दिला, तो मी लाल पेनाने गोष्टीखाली उतरवून घेतला आणि दोन दिवस हवेत होते.

त्यानंतर घरात काहीतरी बदललं. सकाळचा पहिला कप माझ्यापुढे यायला लागला. मग संध्याकाळी दुधाचा पेला. केशर घातलेलं, वर बदामाचे काप. आत्या स्वतः आणून ठेवायच्या आणि मी संपवेपर्यंत समोर उभ्या राहायच्या. चाळिशी उलटलेल्या सुनेला कुणी असं दूध पाजतं का? माझ्या मनात पाल चुकचुकली. ही माणसं फुकट बदाम घालणारी नव्हेत. यांना माझ्याकडून नक्की काय हवंय?

मी कान टवकारले. नवरा आणि आत्या आता पूर्वीपेक्षा जास्त कन्नड बोलत होते, आवाज अगदी खाली घेऊन. 'सोसे' तर दर दोन वाक्यांनी. मी आले की दोघेही गप्प. एकदा दोघे मला न सांगता रिक्षाने कुठेतरी गेले आणि परत आल्यावर नवरा म्हणाला, "बँकेत गेलो होतो." हातात बँकेचा कागद नव्हता, औषधांच्या दुकानाची पिशवी होती. मी मनात हिशेब जुळवला. बार्शीच्या घरात माझा हिस्सा आहे. आणखी माग घ्यायचे असणार आणि माझी सही हवी असणार. म्हणून हे दूध.

त्यात वही हलायला लागली. साड्यांच्या खाली उजव्या कोपऱ्यात ठेवलेली वही मला डावीकडे सापडायची. मी नवऱ्याला धरलं. तो म्हणाला, "मला चिनी वाचायची हौस असती तर मागांचं पुस्तक नसतं का वाचलं? आता तर तेही फोनच वाचून दाखवतो. कॅमेरा धरला की मराठी." हे तो मला असं सहज सांगत होता, जणू माझं सगळं शिकणं वाया गेलंय हे मला आधीच ठाऊक असावं. माझा संताप झाला. त्याच्यावरचा संशय मात्र गेला नाही.

मग एका दुपारी मी बाजारातून लवकर परतले. आत्या खिडकीपाशी बसल्या होत्या. मांडीवर माझी वही, आणि तिच्यावर दोन्ही हातांनी धरलेला फोन. ओठ हलत होते.

"चोरून वाचताय?" मी ओरडलेच. "बावीस वर्षं माझ्यामागे कन्नडमध्ये बोललात, ते पुरलं नाही का?"

त्या दचकल्या नाहीत. वही मिटलीही नाही. त्यांनी बोट ठेवलं होतं त्या पानावर अकरा-अकरा रेघांची ती अक्षरं ओळीने बसली होती, आणि खाली लाल शेरा.

"हे दुधाचं," त्या म्हणाल्या, "मी कवा केलं गं?"

आणि त्याच पुढे बोलत राहिल्या. दिवाळीपासून लई विसरायला होतंय. गॅस चालू राहतो, शेजारणीचं नाव आठवत न्हाय. पोरानं डॉक्टरकडं नेलं. तपासण्या झाल्या. तुला सांगू नको, असं मीच त्याला म्हटलं, तू बार्शीला सगळ्यांना सांगशील म्हणून. मग एकदा तुझ्या साड्या आवरताना ही वही हाताला लागली, आन् पोरानं शिकवला तसा फोन वर धरला. "चहाचं खरं हाय. ते मी करत होते. पण कुलूप लावल्याचं काय केल्या आठवना. पोराला इचारलं, तर त्येला म्हाईत न्हाय. म्हटलं, माझ्याकडनं झालं असंल. तिनं एवढी वर्सं मनात ठेवलं आन् मी इसरून बसले."

म्हणून दूध. म्हणून बदाम. मला त्या क्षणी स्वतःची इतकी लाज वाटली की भाजीची पिशवी खाली ठेवायचंही सुचेना.

"आत्या, ते खोटं आहे," मी म्हणाले. "बाईंनी सांगितलं म्हणून रचलं मी. तुम्हीच पेला घेऊन माझ्यामागे फिरत होता. मीच घेत नव्हते."

त्यांनी माझ्याकडे निरखून पाहिलं. तशी नजर मी ओळखते, आरशात पाहिलीय.

"हे तू आत्ता मला बरं वाटावं म्हणून सांगतीस."

"लेकीची शपथ."

"अगं, आठवत तर मला दोन्ही न्हाय," आत्या म्हणाल्या. "मग मी लिवलेलं खरं धरू, का बोललेलं?"