हुशार ठरलेल्या शाळेचा संध्याकाळचा वर्ग

सुनंदाबाई सावंत गणित शिकवायच्या, पण जीव टाकायच्या तो गणित न येणाऱ्या मुलांवर. राहायला वसईत, शाळा खाडीकडल्या गावात. बाकीचे शिक्षक शेवटच्या तासालाच पिशवी खांद्याला लावून एसटीची वाट बघत. बाई मात्र मागे राहत, कारण त्यांचा खरा वर्ग त्यानंतर भरे.

ज्या घरात दहावीच्या पुढे कोणी गेलेलं नाही, तिथल्या मुलांना कॉलेजसाठी तयार करायचं, अशी एक सरकारी योजना होती; हा वर्ग त्यातलाच. दोन हजार एक साली बाईंनी जिल्ह्याच्या ऑफिसात खेटे घालून ती शाळेत आणली. इंग्रजी-विज्ञानाला वेगळे शिक्षक आले, पुस्तकं आली. मुलींना अंधारात घरी सोडायला टेम्पोही मिळाला. त्याच टेम्पोमुळे मिठागरावर काम करणाऱ्या बायजाने आपल्या संजनाला पाठवलं. संजना नववीत, नर्स व्हायचं म्हणे. पहिले सहा महिने बीजगणित दिसलं की तिचे डोळे भरून यायचे. मग एका संध्याकाळी तिने फळ्यावर समीकरण सोडवलं आणि स्वतःच चकित होऊन हसली. बाईंना त्या रात्री जेवणसुद्धा गोड लागलं.

पुढच्या वर्षी वरून फर्मान आलं: जिल्हाभर सगळ्या शाळांत एकच चाचणी, एकच पेपर, एकाच दिवशी. निकालावर शाळा जोखणार.

आता आपल्याकडची रीत सांगायला हवी. तपासणी आली की भिंतींना चुना, व्हरांड्यात पताका आणि कच्च्या पोरांना सुट्टी. यात कोणाला काही वावगं वाटत नाही. मुख्याध्यापक सुधाकर सरांनाही वाटलं नाही. ते म्हणाले, "बाई, तुमच्या संध्याकाळच्या पोरांना त्या दिवशी घरीच ठेवा. निकाल पडला तर विचारतील, एवढा पैसा घेऊन शिकवलंत काय? पहिली कुऱ्हाड तुमच्या वर्गावर."

वर्ग वाचला पाहिजे, एवढं एकच बाईंच्या डोक्यात बसलं. त्यांनी स्वतः मुलांना जमवून सांगितलं. बाकीची पोरं सुट्टी मिळाली म्हणून नाचली. संजना तेवढी थांबली.

"बाई, मी अभ्यास केलाय. मला येतंय आता."

"माहीत आहे गं. पण या वेळेला नको. वर्गासाठीच सांगतेय."

संजनाने मान डोलावली. बाईंनी ती मान डोलावणं खरं मानलं, आणि तिथेच त्या चुकल्या.

शाळा तालुक्यात वर आली. शाल, श्रीफळ, टाळ्या! सत्काराला आलेले जिल्ह्याचे शिक्षणाधिकारी साहेब भाषणात म्हणाले, "अशा हुशार शाळेला तयारीच्या वर्गाची गरजच उरली नाही! तो निधी आता चाचणीच्या कामाला वापरू. यापुढे चाचणी वर्षातून दोनदा." लोकांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या. काहींना वाटलं, बक्षीसच जाहीर झालं.

बाई साहेबांना गाडीपाशी गाठायला धावल्या. सुधाकर सर डोळ्यांनी दटावत होते, तरी त्या बोलल्या. "साहेब, कच्ची मुलं बसलीच नव्हती. आम्हीच बसवली नाहीत."

साहेब रागावलेसुद्धा नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. "गैरहजर मुलं आम्ही निकालात धरतच नाही, बाई," ते म्हणाले आणि काच वर केली.

वर्ग बंद झाला. बाईंनी फुकट चालवून पाहिला, पण टेम्पो नाही म्हटल्यावर मुली येईनात. त्या येईनात म्हणून मुलगेही पांगले. संजना तर दिवसाच्या शाळेतूनही गळाली. नोकरी, घर, सासूचं आजारपण यांत बाईंना तिच्या घरी जायला जरा उशीरच झाला.

बायजा अंगणात बोंबील निवडत होती. तिने बाईंना खुर्ची दिली, पाणी दिलं. संजना नव्हती. वसई पूर्वेला गाळ्यात प्लॅस्टिकचे डबे भरायच्या कामाला लागली होती.

"बायजाताई, तिला परत पाठवा. मी घरी येऊन शिकवते. दहावी काढून देते."

"कशाला बाई? तिला नाय जमत. पोरगी रडत रडत बोल्ली मला, बाईंनापन कललंय, मला नाय जमत."

"जमत होतं हो तिला! फळ्यावर सोडवायची ती. चांगलं जमत होतं."

बायजाचे हात थांबले. तिने बाईंकडे पाहिलं. आवाजात राग नव्हता, तिला खरंच समजून घ्यायचं होतं.

"मग परीक्षेला का नाय बसवली?"

बाईंनी पाण्याचा रिकामा पेला उचलून पुन्हा तोंडाला लावला. बायजाने पुन्हा बोंबील निवडायला घेतले.