पांढऱ्या उपरण्यातलं तेल

धरणावरच्या स्पीडबोटीचं इंजिन मी जळगावात पूर्ण खोलून नव्याने बांधलं होतं. उद्घाटनाच्या फलकावर नऊ पुढारी होते, बोट नव्हती. चार दिवस आधी चाचणीत वेग वाढवताच इंजिन आतून ठोकू लागलं. मी मोजमापांची वही उघडून सगळा दोष पेट्रोलवर ढकलला. बोटीच्या ठेकेदाराने माझं ऐकून घेतलं आणि साक्रीकडून शेतपंपांची इंजिनं दुरुस्त करणारा एक माणूस बोलावला.

त्याने वही पाहिली नाही. थोडं तेल काढून उपरण्याच्या टोकातून गाळलं आणि ते टोक उन्हात धरलं. त्यावर तांबूस कण चमकत होते.

"भाऊ, आतलं बेअरिंग घसाई राहिनं," तो म्हणाला.

माझ्या कपाटात परदेशी मोजयंत्रं आहेत. तरी त्या क्षणी मला त्या मळक्या उपरण्याचा हेवा वाटला.

इंजिन खालून उघडलं, तेव्हा बेअरिंग दाबून धरणाऱ्या दोन कॅप त्याने माझ्यासमोर धरल्या. दोन नंबरची तीनवर आणि तीनची दोनवर बसली होती, म्हणूनच बेअरिंग घासत होतं. बसवणारा मीच होतो. तेवढ्यात ठेकेदार डोकावला.

"कोणी घाण केली ही?"

"कोनीच नही, नाना. बेअरिंगच हलकं निंघनं," त्याने सांगितलं, आणि कॅप उपरण्याखाली सारल्या.

त्याचं कसब मी कधीतरी माफ करीन. पण त्याचा मोठेपणा नाही; त्याच्या जागी मी असतो, तर दोन्ही कॅप आधी ठेकेदाराच्या हातात दिल्या असत्या.