पाच फूट दोन इंचांची फळी

वर्कशॉपमधले सगळे त्याला काटकोन म्हणत. तीस वर्षं सुतारकाम करून माणूस असा झाला होता, की भिंतीवरचं कॅलेंडर जरा तिरकं दिसलं तरी त्याला घास गिळवत नसे. असा माणूस जुनी गाडी घ्यायला निघाला, म्हणजे विकणाऱ्यांचं काही खरं नव्हतं.

गाडी हवी होती बायकोसाठी. पाठीच्या ऑपरेशननंतर तिला अर्ध्या तासाच्या वर बसवत नसे. लेक दहा तासांच्या रस्त्यावर राहायची. नात चार महिन्यांची झाली, तरी आजीने तिला फोनवरच पाहिलं होतं. वाटेत दगा देणार नाही आणि मागे आडवं होता येईल, अशी लांबलचक स्टेशन वॅगनच घ्यायची, हे त्याने पक्कं केलं. बायकोच्या उंचीची फळी कापली आणि ती काखोटीला मारून तीन आठवडे गाड्यांचे बाजार पालथे घातले. "आले फळीवाले!" म्हणत दलाल चहाला पळायचे.

शेवटी एका निवृत्त मास्तरीणबाईंची करडी वॅगन मिळाली. बाईंनी बारा वर्षांतल्या प्रत्येक ऑइलबदलाची तारीख वहीत लिहून ठेवली होती. काटकोन तिथेच निम्मा विरघळला. तरी मेकॅनिक मेहुण्याला शेजारी बसवून त्याने हायवेवर तीन तास गाडी पिटाळली, हिसके किती बसतात ते कळावं म्हणून मागे फळीवर पाण्याचं पातेलं ठेवून.

"दाजी, हे इंजिन अजून दहा वर्षं हूं की चूं करणार नाही," भिजलेला मेहुणा म्हणाला. "पातेलं तेवढं काढा आता."

मग चाकांवरच्या उंचवट्यांसाठी फळीला खाचा पाडल्या, पट्टे बसवले, एका टोकाला सरसाने लाकडी उसं चिकटवलं, गादी घातली आणि निघायच्या दिवशी पहाटे बायकोला खाली बोलावलं. ती आडवी झाली. डोकं मागच्या दाराकडे, पाय त्याच्या सीटकडे.

"असं का हो?"

"जड बाजू दाराकडेच ठेवायची असते. उतरवायला सोपं जातं."

"अहो, मी काय लाकूड आहे? दहा तास बोलू कोणाशी? मागच्या ट्रकशी?"

काटकोनाचा चेहरा पडला. तीन आठवडे तिच्यासाठी जगाची मापं घेतली आणि तिला एका शब्दाने विचारलं नव्हतं. त्याला मनापासून लाज वाटली. उसं पुढे यावं म्हणून फळी फिरवली, तर खाचा भलत्याच टोकाला आल्या. नवी फळी आणायची म्हणजे लाकडाचं दुकान उघडेपर्यंत थांबणं आलं.

"दुसऱ्या टोकालाही पाडा की खाचा," ती म्हणाली. "गादीखाली कोण बघतंय?"

एरवी अशी चार खाचांची फळी त्याने सरळ चुलीत घातली असती. आज त्याने गुमान करवत उचलली.

तासाभराने गाडी गल्लीबाहेर पडली. तिचं डोकं त्याच्या खांद्यामागेच होतं, आणि पहिल्या वळणापासून तोंडाचा पट्टा सुरू होता. मध्येच लेकीचा फोन आला.

"आई, कधी निघताय?"

"निघालोय," ती म्हणाली. "बाळाला संध्याकाळी झोपवू नकोस."