नातवाची आंघोळ

इंदिरानगरातल्या निम्म्या पोरांना सुमनबाईंनी न्हाऊ घातलं असेल. माझ्या इरालाही त्यांनीच. बाळंतिणीच्या घरी त्यांचाच हुकूम चालायचा. पाणी कढत नाही म्हणून त्यांनी माझ्या सासूबाईंनाही झापलं होतं.

दोन वर्षांपूर्वी बाईंच्या पायाला पत्रा लागला, जखम चिघळली आणि संसर्ग रक्तात पसरला. डॉक्टर सेप्सिस म्हणाले. एकोणीस दिवस अतिदक्षता विभागात काढून बाई घरी आल्या. नातेवाइकांनी पेढे खाल्ले आणि विषय संपवला. पण पुढे दोनदा न्यूमोनिया झाला, अधूनमधून ताप येतच राहिला. सेप्सिसनंतर काहींची प्रतिकारशक्ती वर्षानुवर्षं सावरत नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. नातेवाईक मात्र म्हणायचे, "बरी झाली ना, मग आता काय नाटक?" मला त्यांचा संताप यायचा.

बाईंची कामं एकेक करून सुटली आणि वस्तीतल्याच रूपालीकडे गेली. "संजूचं बाळ तेवढं मीच न्हाऊ घालणार," असं त्या म्हणत. संजना त्यांची एकुलती एक लेक.

गेल्या महिन्यात तिला मुलगा झाला. ती माहेरी आली त्याच दिवशी बाईंच्या कमरेवर नागीण उठली. कमकुवत अंगात ती सहज डोकं वर काढते म्हणे. बाईंनी कोणाला न सांगता फोडांवर गेरू लावला आणि दुसऱ्या सकाळी न्हाणीत पाय पसरून बसल्या. शेजारीण म्हणून मी पाणी द्यायला उभी होते. संजनाने बाळ त्यांच्या पायांवर ठेवलं आणि तिला साडीवरचा लाल डाग दिसला.

"आई, हे काय?"

"काय नाय. गेरू हाय."

संजनाने बाळ उचललं. तिने डॉक्टरांना फोन केला. फोडांमुळे बाळाला कांजिण्या होऊ शकतात, खपल्या धरेपर्यंत जवळ घ्यायचं नाही, असं त्यांनी बजावलं. बाळाला काही झालं नाही, पण बाई रोज त्याचं अंग लांबून न्याहाळायच्या आणि रडायच्या.

अकराव्या दिवशी डॉक्टरांनी परवानगी दिली. दुसऱ्या दिवशी संजनाने स्वतःच तेल कोमट केलं आणि बाळाला घेऊन आली. बाईंनी हात पुढे केले आणि मागे घेतले.

"रातीपासून अंग तापलंय माझं," त्या म्हणाल्या. "रूपालीला बोलाव. ती बी चांगली न्हाऊ घालती."

मग माझ्याकडे वळल्या. "हाताला सगळं येतंय ताई. पण ह्या अंगाचा भरवसाच राह्यला नाय."