सायकल आजारी आहे

सप्टेंबर आला की माझी कंबर बोलायला लागते. एप्रिलपासून तेच. सकाळी पाहुण्यांच्या बॅगा उचलून व्हॅनमध्ये टाकायच्या, दुपारी त्यांच्या जेवणाची सतरंजी कुठेतरी सावलीत पसरायची, संध्याकाळी पुढच्या गावात बॅगा परत उतरवायच्या. आणि बॅगा तरी कसल्या! "आम्ही अगदी साधे हो, दोन कपडे घेऊन फिरणारे," असं म्हणतात आणि आत इस्त्री घेऊन येतात. एका बाईंची पेटी उचलताना मला वाटलं, बाई विटा घेऊन निघाली की काय. निघाल्या तोंडाला लावायच्या क्रीमच्या बाटल्या. सांगणार कुणाला? नवऱ्याला सांगावं, तर तो सगळ्यांच्या मागे.

माझ्या नवऱ्याचं नाव लेऑन्स. लॉत नदीच्या काठाने, द्राक्षमळ्यांतून, जुन्या दगडी गावांतून लोकांना सायकलवर हिंडवायचं, रमतगमत, घाई नाही, हा आमचा धंदा. वाटेवर खुणा आहेत, पुढे कुणीही जाऊ शकतं. लेऑन्सचं काम शेवटी राहायचं. जो सगळ्यात हळू, त्याच्या मागे हा. "आपण शेवटचे, असं पाहुण्याला वाटता कामा नये," एवढंच त्याचं म्हणणं. शेवटचा तो स्वतः. त्यामुळे इतक्या वर्षांत आमचा एकही पाहुणा कधी शेवटचा आला नाही. आता हळू चालवणाऱ्याच्या मागे दिवसभर आणखी हळू चालवायची म्हणजे काय, ते करून बघा. पाय नाही, डोकं दुखतं.

ही खोड त्याला रेल्वेने लावली. आम्ही राहतो ते घर फाटकवाल्याचं. आधी त्याची आई फाटक सांभाळायची, मग हा. गाडी गेली म्हणून फाटक उघडायचं नाही. शेवटच्या डब्याचा लाल दिवा आपल्या डोळ्यांनी बघायचा, तो लांब गेला की मग "आता जाऊ दे" म्हणायचं आणि दांडा वर करायचा. पुढे गाड्या बंद झाल्या, रूळ उपटून नेले, आणि त्याच सपाट वाटेवरून सायकली फिरायला लागल्या. फाटक गेलं, खोड राहिली.

त्याची दुसरी खोड मी आधी सांगायला हवी होती, कारण सगळं तिच्यावरच येऊन ठेपलं. आमच्याकडे पाहुणा कधी दमत नाही. त्याची सायकल आजारी पडते.

म्हणजे असं. एखादे मस्य दुक्रो, म्हणजे दुक्रोसाहेब, असतात, लील शहरातले निवृत्त नोटरी, पोट हँडलला टेकलेलं. चढावर त्यांचा चेहरा बिटासारखा होतो, पण बायकोसमोर आणि चारचौघांत "मला जमत नाही" कसं म्हणणार? मग आमचा लेऑन्स खाली उतरतो. त्यांच्या मागच्या चाकाशी गुडघे टेकून बसतो, कान लावतो, तोंड वाकडं करतो.

"मस्य, हा आवाज तुम्हाला ऐकू आला नाही?"

"कसला आवाज?"

"छे छे छे. ही सायकल आजारी आहे हो. आज हिला चढावर नेलीत तर वाटेतच जीव टाकेल."

बोलता बोलता चाकातली हवा कधी सोडतो ते कळतही नाही. वॉल्व्हचं छोटं टोपण काढायचं, मुठीत धरायचं, हवा गेली की परत नीट लावायचं. मग दुक्रोसाहेब सायकलीला शिव्या घालत, मान ताठ ठेवून माझ्या व्हॅनमध्ये बसतात आणि गावापर्यंत मला ऐकवतात की सायकल बरी असती तर ते दोन डोंगर चढले असते. मी म्हणते, हो मस्य, नक्की मस्य. रात्री जेवताना कुणी त्यांची तब्येत विचारत नाही. सगळे विचारतात, "सायकल कशी आहे आता?" आणि ते गंभीर चेहऱ्याने सांगतात, "थोडी बरी आहे."

असं सगळ्यांना सांभाळणारा हा माणूस स्वतः दमला, तेव्हा त्याला हे कोण सांगणार?

माझ्या ध्यानात आलं ते सूपवरून. आमच्याकडचे जुने पुरुष सूप संपत आलं की तळाशी उरलेल्यात लाल वाइन ओततात, वाडगाच तोंडाला लावतात आणि मिशा पुसतात. लेऑन्सने हे कधी चुकवलं नाही, आमच्या लग्नातही नाही, माझी आई बघत राहिली होती. या वसंतात एके दिवशी त्याने वाइन ओतली आणि वाडगा तसाच ठेवून झोपायला गेला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मी त्याला ओढतच डॉक्टरीणबाईंकडे नेला. त्यांनी छाती तपासली, हृदयाचा आलेख काढला आणि म्हणाल्या, हृदय थकलंय, सपाट वाटेवर फिरा, चढ बंद.

"चढ बंद," घरी येताना मी म्हणाले.

"ऐकलं मी."

"ऐकलं नाहीस. तुझं ऐकणं मला माहीत आहे."

"सिदोनी, आपल्या गावांची सगळ्यात जुनी वस्ती टेकडीवर आहे. मी काय खाली उभा राहून त्यांना टाटा करू?"

"मग ती बॅटरीच्या मोटारीची सायकल घे. सगळे घेतात."

"मोटार लावायची तर मग तुझ्या व्हॅनमध्येच बसतो की!"

"बस ना!" मी ओरडले. "बस! कुणी अडवलंय? तुझ्यासाठी ती जागा कधीची रिकामी आहे, मेल्या!"

तो बसला नाही. उन्हाळाभर चढत राहिला. वरच्या गावात मी बॅगा उतरवून वेशीशी उभी राहायची, पाहुणे एकेक करून यायचे, आणि वळणावर त्याची टोपी दिसेपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नसायचा. एखाद्या दिवशी टोपी दिसणारच नाही, एवढंच मनात यायचं. रात्री त्याला बोलायची ताकद उरायची नाही आणि मला भांडायची.

हंगामातली शेवटची फेरी होती. पाहुण्यांत मादाम गिलेन होत्या, बेल्जियमच्या. नवऱ्याबरोबर दरवर्षी कुठे ना कुठे सायकलवर जायच्या, यंदा पहिल्यांदा एकट्या. सगळ्यांत हळू त्याच. आदल्या दिवशी काओर शहराच्या अलीकडे त्यांची सायकल आजारी पडली होती. माझ्याशेजारी बसून त्या सायकलीला शिव्या न घालता नुसत्या खिडकीबाहेर बघत होत्या. मला ते बरं वाटलं.

त्या दुपारी मी नदीकाठी अक्रोडांच्या झाडांखाली जेवण मांडलं. थंड बदक, बकरीच्या दुधाचं चीज, पाव, अक्रोडाचा केक. जेवण झाल्यावर सां-जेनेसचा चढ होता. खालून गाव दिसतच होतं, कड्यावर, वेशीच्या कमानीसकट. पाहुणे फोटो काढत होते. लेऑन्स झाडाला टेकून बसला आणि हातातला चीजचा तुकडा हातातच राहून झोपी गेला. मी जवळ जाऊन पाहिलं. ओठ निळसर. छाती वरखाली होत होती, पण जशी व्हायला हवी तशी नाही.

मी घाबरले. त्याला उठवून विनवावं, तर तो काय करणार ते ठाऊकच होतं. मग मी उठले, झाडामागे त्याची सायकल होती तिच्याशी बसले, टोपण काढून एप्रनच्या खिशात टाकलं आणि वॉल्व्ह दाबून धरला. केवढा आवाज होतो हो त्याचा! हा माणूस इतकी वर्षं बोलत बोलत का हवा सोडायचा ते मला त्या दिवशी कळलं. वर पाहिलं तर मादाम गिलेन हातात केक घेऊन उभ्या. त्यांनी माझ्याकडे बघितलं, चाकाकडे बघितलं. केक खाल्ला आणि वळल्या.

निघायची वेळ झाली. लेऑन्स उठला, सायकलीपाशी गेला, चाक बघितलं. मग वॉल्व्हकडे बघितलं. मग माझ्याकडे. मी ताटल्या आवरत होते, म्हणजे एकच ताटली पुन्हा पुन्हा पुसत होते.

"पंप दे," तो म्हणाला.

"लेऑन्स..."

"पंप दे, सिदोनी."

दिला. काय करते? सगळे हेल्मेट घालून थांबलेले. तो वाकून हवा भरायला लागला. चारदोन वेळा दांडा दाबला की थांबायचा, जमिनीकडे बघायचा, परत दाबायचा. घाम कानामागून मानेवर उतरत होता. एक जण पुढे झाला, "मी भरू का?" तर याने मान हलवली, नको. मला वाटलं, आता हा इथेच पडणार, माझ्यासमोर, माझ्यामुळेच.

तेवढ्यात मादाम गिलेन पुढे आल्या. सावकाश, एकेक करून दोन्ही गुडघे गवतात टेकले, आणि त्याच्या चाकाला कान लावला. तोंड वाकडं केलं.

"मस्य लेऑन्स," त्या म्हणाल्या, "हा आवाज तुम्हाला ऐकू आला नाही?"

कुणी हसलं नाही. लेऑन्स पंपावर हात ठेवून तसाच राहिला.

"काल माझीला झालं होतं तेच," त्या म्हणाल्या. "चढावर नेऊ नका हिला. आजारी आहे."

मग त्याने पंप खाली ठेवला.

"खरं आहे," तो म्हणाला. "मलाही सकाळपासून शंका येत होती."

मी सायकल व्हॅनमध्ये चढवली, बॅगांवर आडवी. तो दारापाशी आला आणि पुन्हा अडला.

"पण मग मागे कोण?"

"मी आहे ना," मी म्हणाले. "आज व्हॅन मागे राहील. मिळू देत बॅगा उशिरा. एक दिवस घामट कपड्यांत जेवले तर कुणी मरत नाही."

तो बसला. माझ्या शेजारची ती जागा, जिथे दुक्रोसाहेबांपासून सगळे बसून गेले, तिथे तो पहिल्यांदा बसला. पट्टा कुठे अडकवायचा तेही त्याला माहीत नव्हतं. मी अडकवला.

बाकीचे पुढे गेले. शेवटी मादाम गिलेन, आणि त्यांच्यामागे आम्ही, पहिल्या गियरमध्ये. पहिल्या वळणावर लेऑन्सने रस्त्यावरची नजर न काढता माझ्यापुढे हात पसरला.

"टोपण दे."

मी एप्रनच्या खिशातून काढून त्याच्या तळहातावर ठेवलं.

"मी निदान परत तरी लावायचो," तो म्हणाला.

"मला कुठे सवय आहे?" मी म्हणाले, आणि मला रडू आलं. चढावर, क्लचवर पाय ठेवून, नीट रडताही येत नाही. त्याने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि तिथेच राहू दिला.

"हळू घे," थोड्या वेळाने तो म्हणाला. "अजून हळू. त्यांना वाटेल आपण मागे लागलोय."

मादाम दोनदा उतरल्या, सायकल ढकलत चालल्या, परत बसल्या. एकदाही मागे वळून पाहिलं नाही. आम्ही थांबत थांबत त्यांच्यामागे. कमानीपाशी मी गाडी आत घालणार, तर लेऑन्सने हात वर केला. मी ब्रेक दाबला. मादाम कमानीखालून गेल्या, चौकातल्या फरसबंदीवरून धडधडत आमच्या मुक्कामाच्या सराईच्या दाराशी पोचल्या, आणि बाकीच्यांनी त्यांना धरून उतरवलं. तोवर तो काचेतून नुसता बघत होता.

"आता जाऊ दे," तो म्हणाला.

मी गाडी आत घेतली. सगळ्यांच्या शेवटी आम्ही पोचलो.